९६ मोठे की ३४०?

मार्च १९८७, बंगळुरू. खेळपट्टी अशी की एक चेंडू हातभर वळतोय, दुसरा छातीवर उसळतोय आणि तिसरा घोट्याखाली राहतोय. पाकिस्तानविरुद्धची कसोटी जिंकायला भारताला २२१ धावा हव्यात. सुनील गावसकर पाच तासांहून जास्त वेळ खेळून ९६ धावांवर बाद होतात. बाकी कोणाला तिशीही गाठता येत नाही. भारत २०४ धावांत आटोपतो आणि पाकिस्तान १६ धावांनी जिंकतं. गावसकरांचा हा शेवटचा कसोटी डाव.

ऑगस्ट १९९७, कोलंबो. भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला आणि श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या. सनथ जयसूर्या ३४०, रोशन महानामा २२५. पाच दिवसांत दोन्ही संघांचे मिळून चौदा गडी बाद झाले आणि सामना अनिर्णित राहिला.

धावफलकात या दोन खेळी शेजारी ठेवल्या तर एकीत शतकही नाही आणि दुसरीत त्रिशतकावर वर चाळीस. तरीही कसोटी क्रिकेट बऱ्यापैकी पाहिलेल्या माणसाला यातली मोठी कोणती असं विचारलं, तर तो जयसूर्याचं नाव घेण्याआधी थांबतो. का थांबतो, याचा हिशेब कागदावर मांडता येतो का? आणि तोच हिशेब लावून १९३७ ची खेळी २०१९ च्या खेळीशेजारी ठेवता येते का? माझ्या मते बऱ्याच अंशी येते. फक्त आपण कोणाची तुलना कोणाशी करतोय हे दर वेळी आधी ठरवावं लागतं, आणि सगळे वाद तिथेच सुरू होतात.

भागायचं कशाने?

धावा करणं त्या दिवशी किती अवघड होतं, हे नुसत्या धावांच्या आकड्यात दिसत नाही. ते कळायला सोपा मार्ग एकच: त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं ते बघायचं. सामन्यातल्या एकूण धावांना पडलेल्या गड्यांनी भागलं की एक गडी सरासरी किती धावांमागे पडला ते समजतं. मात्र आपण ज्या खेळीचं मोल करतोय ती आधी वगळायची, नाहीतर फलंदाजाची तुलना काही प्रमाणात स्वतःशीच होते. (अवांतर धावा मी वेगळ्या काढलेल्या नाहीत. त्याने निष्कर्ष फारसा हलत नाही.)

बंगळुरूचे चार डाव होते ११६, १४५, २४९ आणि २०४. एकूण ७१४ धावा, चाळीस गडी. गावसकरांचे ९६ काढले तर ३९ गड्यांमागे ६१८ धावा उरतात, म्हणजे गडीमागे सुमारे १६. त्या हिशेबाने गावसकरांनी इतरांच्या सहापट धावा केल्या. कोलंबोला १,४८९ धावा आणि १४ गडी. जयसूर्याला वगळल्यावर गडीमागे तब्बल ८८ धावा. त्याचे ३४० म्हणजे इतरांच्या चारपटीलाही किंचित कमी.

झालं उत्तर. थांबणाऱ्या माणसाला हे गणित येत नसेल, पण त्याच्या डोळ्यांनी ते केलेलं असतं.

हीच पट्टी घेऊन थोडं पुढे जाऊ. १९९१ मध्ये हेडिंग्लेला वेस्ट इंडीजच्या मार्शल, अँब्रोज, वॉल्श आणि पॅटरसन या चौघांसमोर इंग्लंडचा दुसरा डाव २५२ वर संपला. सलामीला आलेला ग्रॅहॅम गूच शेवटपर्यंत नाबाद राहिला, १५४ धावांवर. त्याच्याखालोखालची धावसंख्या होती २७. त्या सामन्यात गूचला सोडून गडीमागे १६ धावाही निघाल्या नाहीत, म्हणजे त्याची खेळी जवळपास दसपट. बेन स्टोक्सचे २०१९ मधले नाबाद १३५, त्याच मैदानावरचे, सातपटीच्या थोडे वर. श्रीलंकेच्या कुसल परेराचे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध डर्बनमधले नाबाद १५३ सातपट. समोर स्टेन, फिलँडर, रबाडा होते आणि शेवटच्या जोडीने ७८ धावा केल्या, त्यात विश्वा फर्नांडोचा वाटा सहा धावांचा. ब्रायन लाराचे १९९९ मधले ब्रिजटाउनचे नाबाद १५३ पाचपटीच्या थोडे पुढे. आणि लक्ष्मणचे कोलकात्यातले २८१? सामन्यात १,४८५ धावा झाल्या, ३७ गडी पडले. लक्ष्मणचा तो डाव सोडला तर गडीमागे ३३. त्याचे २८१ म्हणजे साडेआठपटीच्या जवळ. फॉलोऑन मिळालेला संघ, समोर सलग सोळा कसोटी जिंकून आलेला ऑस्ट्रेलिया, आणि वर हा आकडा. कोलकात्याची खेळपट्टी काही आखाडा नव्हती, ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४४५ केल्या होत्या. पण मोठा आकडा फक्त अवघड खेळपट्टीवरच निघतो असं नाही. इतरांपेक्षा किती वर गेलात, एवढंच ही पट्टी मोजते.

नाबाद खेळींना या पद्धतीत किंचित अन्याय होतो. गूच, लारा, परेरा, स्टोक्स हे बाद झालेच नव्हते, त्यांच्या धावा कुठे थांबल्या असत्या ते कोणालाच कळणार नाही. तेवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मग बॅनरमन सर्वांत थोर?

आता ही पट्टी जिथे मोडते ते बघू. १८७७ साली मेलबर्नला झालेली कसोटी क्रिकेटमधली पहिलीवहिली लढत. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा केल्या आणि बोटाला लागल्यामुळे त्याला मैदान सोडावं लागलं. संघाच्या २४५ पैकी १६५, म्हणजे ६७ टक्के. पूर्ण झालेल्या डावात एकट्याचा इतका मोठा वाटा आजवर कोणाचा झालेला नाही. उरलेल्या सामन्यात गडीमागे साडेबारा धावा. बॅनरमनची खेळी तेरापट भरते.

म्हणजे गूचपेक्षा मोठी, लक्ष्मणपेक्षा मोठी? मला नाही तसं वाटत. इंग्लंडचा तो संघ न्यूझीलंडहून बोटीने आदल्या दिवशी मेलबर्नला उतरला होता. त्यांचा यष्टिरक्षक न्यूझीलंडमध्ये तुरुंगात होता. एक गोलंदाज ४९ वर्षांचा होता आणि इंग्लंडचे सर्वोत्तम खेळाडू तर दौऱ्यावर आलेच नव्हते. खेळाची सर्वसाधारण पातळी खाली असते तेव्हा एखादा चांगला खेळाडू बाकीच्यांपासून फार दूर जाऊ शकतो. पातळी वर येते, सगळेच सराव करतात, सगळ्यांनाच एकमेकांच्या उणिवा ठाऊक होतात, तशी ही अंतरं कमी होत जातात. त्यामुळे जुन्या काळातल्या पटींना थोडी कात्री लावावी लागते. किती लावायची याचं सूत्र मात्र नाही. तिथे अंदाजच चालतो.

ब्रॅडमनच्या २७० ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जानेवारी १९३७, पुन्हा मेलबर्न. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर इंग्लंडने ९ बाद ७६ वर डाव सोडला, कारण ऑस्ट्रेलियाला त्याच चिखलात खेळायला लावायचं होतं. कर्णधार ब्रॅडमनने काय केलं? फलंदाजीचा क्रम उलटा केला. तळाचे फलंदाज आधी पाठवले, खेळपट्टी सुकेपर्यंत वेळ काढला आणि स्वतः सातव्या क्रमांकावर आला. तेव्हा ५ बाद ९७ होते. फिंगलटनबरोबर ३४६ धावांची भागीदारी झाली आणि ०-२ ने मागे असलेल्या ऑस्ट्रेलियाने तो सामना ३६५ धावांनी जिंकला, पुढे मालिकाही ३-२ अशी घेतली.

आपल्या पट्टीने ही खेळी अकरापट येते. पण ज्या इतरांशी तुलना झाली त्यातले बरेच जण ओल्या खेळपट्टीवर बाद झाले होते आणि ब्रॅडमन खेळला तो बऱ्यापैकी सुकलेल्या खेळपट्टीवर. सामना एकच असला तरी परिस्थिती दोन होत्या. विस्डेन या क्रिकेटच्या नामांकित वार्षिकाच्या नावाने २००१ मध्ये कसोटीतल्या शंभर सर्वोत्तम खेळींची यादी निघाली तेव्हा हीच खेळी पहिली आली, लाराची ब्रिजटाउनची दुसरी. ती पहिली असण्याला माझी हरकत नाही, पण तिच्या मोठेपणात बॅटइतकाच वाटा क्रम उलटा करणाऱ्या डोक्याचा आहे. शिवाय ऑस्ट्रेलियातले सामने तेव्हा वेळेच्या मर्यादेशिवाय खेळले जात. निकाल लागेपर्यंत खेळायचं, त्यामुळे खेळपट्टी सुकायची वाट बघणं परवडायचं. पाच दिवसांच्या सामन्यात ही चाल खेळताना दहा वेळा विचार करावा लागला असता.

सोबतचे कोण होते

या पद्धतीतली सर्वांत मोठी खोट विजय हजारे दाखवून देतात. जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलिया ६७४, त्यात ब्रॅडमनच्या २०१. भारत ३८१ आणि २७७, डावाने पराभव. हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत सात गडी घेतले.

हजारेंचे १४५ आपल्या पट्टीवर ठेवले तर जेमतेम साडेतीनपट येतात, म्हणजे जयसूर्यापेक्षाही कमी. हे पटण्यासारखं नाही, आणि कारणही उघड आहे. गडीमागची सरासरी फुगली ती ऑस्ट्रेलियाने भारताच्या गोलंदाजीवर केलेल्या ६७४ मुळे. हजारेंना खेळायचं होतं लिंडवॉल-मिलरसमोर, भारतीय गोलंदाजीसमोर नव्हे. तेव्हा तुलना फक्त त्यांच्या सहकाऱ्यांशी करायला हवी. दोन्ही डावांत हजारे वगळून इतर भारतीयांनी अठरा गड्यांमागे ३९७ धावा केल्या, गडीमागे २२. आता तेच १४५ साडेसहापट होतात. गावसकरांच्या बंगळुरूच्या खेळीच्या वर.

हा उपाय लगेच नवीन दुखणं आणतो. सोबती दुबळे असले की चांगला फलंदाज उगाच डोंगराएवढा दिसतो, आणि सोबती बलवान असले की तो त्यांच्यात लपतो. झिंबाब्वेच्या अँडी फ्लॉवरने २००१ मध्ये हरारेला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४२ आणि नाबाद १९९ केल्या आणि संघ नऊ गडी राखून हरला. ऑस्ट्रेलियाच्या पाँटिंग, हेडन, लँगर यांना एकमेकांच्या सावलीत खेळायचं होतं. सोबत्यांशी तुलना केली तर फ्लॉवर त्यांच्या कितीतरी पुढे जाईल. तो पुढे आहे का? काही बाबतींत असेलही. ६३ कसोटींत ५१.५४ ची सरासरी, बहुतेक काळ यष्टिरक्षण सांभाळून, आणि दुसऱ्या टोकाला फारसं कोणी टिकत नसताना. हे साधं काम नाही. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. मागून येणारे पाच जण भक्कम आहेत हे ठाऊक असताना खेळण्यातला मोकळेपणा आणि आपण गेलो की सगळं संपलं या जाणिवेने येणारा चिवटपणा, दोन्हींचा धावांवर परिणाम होतो, आणि तो भागाकारात पकडता येत नाही.

मी स्वतः दोन्ही आकडे काढतो, सामन्याचा आणि सहकाऱ्यांचा, आणि दोन्हींत जी खेळी वर राहते तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो. गूच दोन्हींत वर राहतो. लक्ष्मणही राहतो, जरी त्याच्यासोबत १८० धावा करणारा द्रविड उभा होता.

कारकिर्दीची सरासरी

एका खेळीवरून पूर्ण कारकिर्दीकडे वळलं की सगळे सरासरीचा आधार घेतात, आणि सरासरी फसवते. वेस्ट इंडीजचा अँडी गँटॉम एकच कसोटी खेळला, एकच डाव, ११२ धावा. त्याची सरासरी ब्रॅडमनपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियाचा ॲडम व्होजेस पस्तिसाव्या वर्षी कसोटीत आला, वीस सामने खेळला आणि ६१.८७ ची सरासरी घेऊन गेला. त्यातल्या ५४२ धावा त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध फक्त एकदा बाद होऊन केल्या. आणि आपला विनोद कांबळी: १७ कसोटींत ५४.२०. सचिन तेंडुलकर: २०० कसोटींत ५३.७८. कांबळीच्या चाहत्यांनाही या दोन आकड्यांची तुलना कशाला करायची असा प्रश्न पडेल.

थोड्या सामन्यांतला आकडा नशिबावर बराच हलतो, हे एक. दुसरं म्हणजे काळ. डब्ल्यू. जी. ग्रेसची कसोटी सरासरी ३२.२९ आहे. आज एवढ्यावर संघात जागा टिकवणं कठीण. पण १८८० च्या दशकात कसोटीत एक गडी सरासरी वीसपेक्षाही कमी धावांत पडायचा. १९५० च्या दशकात हा आकडा २८ च्या आसपास होता, २००० ते २००९ मध्ये ३४ च्या आसपास. म्हणून १९५० च्या दशकातली ४५ ची सरासरी आणि २००० नंतरची ५४ या ढोबळमानाने एकाच तोलाच्या. २००० नंतर पन्नाशीपार सरासरीवाल्यांची जी गर्दी झाली ती सगळी प्रतिभेचा पूर आल्यामुळे नव्हती. पाटा खेळपट्ट्यांचाही त्यात हात होता.

आता ब्रॅडमन. ९९.९४. काळ सोपा होता म्हणून, असं अधूनमधून ऐकू येतं. हे तपासणं सोपं आहे: काळ सोपा असता तर त्याच काळातल्या इतरांनाही त्याचा फायदा झाला असता. हॅमंड ५८.४५, सटक्लिफ ६०.७३, हेडली ६०.८३. मग नंतरच्या पिढ्यांतले दक्षिण आफ्रिकेचा पोलॉक ६०.९७, सोबर्स ५७.७८, संगकारा ५७.४०. म्हणजे १९३० पासून जवळपास नव्वद वर्षं दीर्घ काळ खेळलेल्या सर्वोत्तम फलंदाजांची हद्द साठीच्या आसपास राहिली आहे, आणि एकच माणूस शंभरावर. साठ ते शंभर हे अंतर साठाच्या खाली मोजलं तर आपण विसावर येऊन पोचतो, जिथे बरी फलंदाजी करणारे गोलंदाज असतात. म्हणून काळाची कितीही वजाबाकी केली तरी ब्रॅडमन खाली येत नाही.

त्याच्या नोंदीत डाग नाहीत असं नाही. ५२ पैकी ३७ कसोटी एकट्या इंग्लंडविरुद्ध, आणि सगळ्या फक्त दोन देशांत. उपखंडात तो एकदाही कसोटी खेळला नाही. ओल्या खेळपट्टीवर तो इतर वेळेइतका धोकादायक नव्हता. तिथे जाणकार हॉब्ज आणि सटक्लिफचं नाव आधी घेतात. १९२६ मध्ये ओव्हलला रात्रभरच्या पावसानंतर फिरणाऱ्या खेळपट्टीवर या दोघांनी १७२ धावांची सलामी दिली, हॉब्ज १००, सटक्लिफ १६१. शरीरवेधी गोलंदाजीच्या १९३२-३३ च्या मालिकेत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ वर आली. पण त्याला आवरायला म्हणून खास आखलेल्या, पुढे नियम बदलून मोडीत काढाव्या लागलेल्या डावपेचांसमोरही तो बाकी थोर फलंदाजांच्या आयुष्यभराच्या सरासरीएवढा खेळला.

नियम, बॅट, डोक्यावरचं शिरस्त्राण

इथे मी पटकन जातो, कारण या मुद्द्यांवर वाद खूप होतात आणि हाती थोडं लागतं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑफच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर फलंदाज पायचीत होत नसे, मग चेंडू मधल्या यष्टीवर का जाईना. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारापर्यंत खेळपट्ट्या पूर्णपणे झाकत नसत. हेल्मेट कसोटीत आलं १९७८ साली. षटकातल्या उसळत्या चेंडूंवर बंधन आलं १९९० च्या दशकात. पंच तटस्थ देशांचे असण्याची पद्धतही त्याच दशकातली. डीआरएसची, म्हणजे पंचांचा निर्णय तंत्रज्ञानाने तपासून घ्यायच्या पद्धतीची, पहिली चाचणी २००८ ची. त्यानंतर पुढचा पाय टाकून पॅडने चेंडू अडवणाऱ्यांचे दिवस संपले. बॅटच्या कडा इतक्या जाड झाल्या की २०१७ मध्ये ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

यातला प्रत्येक बदल एका बाजूला झुकतो, पण सगळे एकाच बाजूला नाहीत. हेल्मेट आणि जाड बॅट फलंदाजाच्या मदतीला आले, डीआरएस फिरकी गोलंदाजांच्या. म्हणून ‘आजच्यांना सगळं सोपं’ हेही खरं नाही आणि ‘जुने आज टिकले नसते’ हेही नाही. ब्रॅडमनला काळयंत्रात घालून आजच्या वेगवान गोलंदाजांसमोर उभं करायचा खेळ मला निरर्थक वाटतो. तो आज जन्मला असता तर लहानपणापासून आजचाच सराव करून आला असता. त्यामुळे समकालीनांशी तुलना हीच पक्की जमीन.

समकालीनांशी तुलना करतानाही नावांनी हुरळून जाऊ नये. गावसकरांची वेस्ट इंडीजविरुद्धची तेरा शतकं आपण अभिमानाने सांगतो, तीही बिनहेल्मेटची. पण त्यातली चार १९७१ ची आहेत, तेव्हा हॉल-ग्रिफिथ गेले होते आणि रॉबर्ट्स-होल्डिंग यायचे होते. आणखी चार १९७८-७९ ची, तेव्हा वेस्ट इंडीजचे मुख्य गोलंदाज केरी पॅकरच्या खासगी क्रिकेट स्पर्धेमुळे संघाबाहेर होते. उरलेल्या पाचांत १९८३ मधली दिल्लीची १२१ आणि चेन्नईची नाबाद २३६ येतात, मार्शल-होल्डिंगसमोरची. माझ्या मते गावसकरांचं मोठेपण तेरा या आकड्यापेक्षा या दोन खेळींत, १९७९ च्या ओव्हलवरच्या २२१ मध्ये आणि बंगळुरूच्या ९६ मध्ये जास्त दिसतं. ओव्हलला ४३८ चा पाठलाग करताना भारत ८ बाद ४२९ वर थांबला होता.

आणखी एक गोष्ट या सगळ्या तक्त्यांबाहेर राहते. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेवर बंदी आली आणि बॅरी रिचर्ड्सची कारकीर्द चार कसोटींत संपली, सरासरी ७२.५७. त्याच्याबद्दल हळहळ बरीच होते. त्याच देशातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना तर वर्णद्वेषी व्यवस्थेने संघात येऊच दिलं नाही, त्यांची सरासरी काढायला एकही डाव नाही. पोलॉकचे ६०.९७ वाचताना हे मला दर वेळी आठवतं.

निकालाचं वजन

शेवटचा पेच सामन्याच्या निकालाचा. विजय मिळवून देणारी खेळी मोठी, हे आपण न विचारता धरून चालतो. विस्डेनच्या त्या यादीत पहिल्या शंभरात तेंडुलकरची एकही खेळी नव्हती, आणि त्यावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. यादीच्या सूत्रात निकालाला वजन होतं, आणि तेंडुलकरच्या अनेक उत्तम खेळी हरलेल्या किंवा अनिर्णित सामन्यांतल्या होत्या.

निकालाला वजन द्यावं, थोडं. चौथ्या डावात पाठलाग करताना डोक्यावर वेगळं ओझं असतं. पण त्यातला किती भाग फलंदाजाच्या हातात होता ते बघायला हवं. हेडिंग्लेला २०१९ मध्ये इंग्लंडला दोन धावा हव्या असताना जॅक लीच धावबाद होऊ शकला असता, पण नेथन लायनच्या हातून चेंडू निसटला. पुढच्याच चेंडूवर स्टोक्स पायचीत असल्याचं अपील झालं, पंचांनी नाबाद दिलं, आणि ऑस्ट्रेलियाकडे रिव्ह्यू उरला नव्हता. यातलं काहीही उलटं झालं असतं तर तीच खेळी आज ‘शर्थीची पण अपुरी’ या खान्यात असती.

आणि चेन्नई, जानेवारी १९९९. पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग, समोर वासिम, वकार, सकलेन, आणि तेंडुलकरची पाठ दुखतेय. तो १३६ वर बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या. उरलेले तीन गडी चार धावांत पडले आणि भारत १२ धावांनी हरला. आपल्या पट्टीने ही खेळी सहापटीला जराशी कमी, बंगळुरूच्या ९६ च्या अगदी शेजारची, लाराच्या ब्रिजटाउनच्या नाबाद १५३ च्या थोडी वर. ब्रिजटाउनला नववा गडी पडल्यावर कोर्टनी वॉल्श टिकला. चेन्नईला कोणी टिकलं नाही, आणि या फरकाचं माप मी लाराच्या किंवा तेंडुलकरच्या खात्यात टाकायला तयार नाही.